सही कशावर, ते आधी सांगा

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. कल्याण पूर्वेच्या एका वस्तीत दुपारच्या वेळी आम्ही चारपाच जणी एका घराच्या उंबऱ्यावर बसलो होतो. विषय रेशन कार्डांचा होता. तेवढ्यात पालिकेच्या शाळेतला शिपाई मोठं रजिस्टर काखेत मारून गल्लीत शिरला. "वहिनी, इथं सही करा." त्या घरची बाई चार घरची धुणी-भांडी करून नुकतीच परतली होती. ओले हात पदराला पुसून तिनं पेन घेतलं आणि बोटानं दाखवलेल्या जागी नाव लिहिलं. शिपाई पुढच्या दारी गेला.

मी विचारलं, "सही कशावर केलीस गं?"

"शाळेचं काहीतरी असतं. दर महिन्याला येतो तो. मी मेंबर आहे ना."

"कसली मेंबर?"

"ते नाही बाई माहीत. पोरीला सोडायला गेले होते तेव्हा मॅडमनी नाव लिहून घेतलं."

पुढच्या आठवड्यात आम्ही दोघी शाळेत गेलो आणि रजिस्टर पाहायला मागितलं. बरीच टाळाटाळ झाली, पण अखेर मिळालं. माझी ही मैत्रीण वर्षभर प्रत्येक सभेला हजर होती. एवढंच नव्हे, एका ठरावाची ती सूचकही होती. ठराव असा, की मुलींच्या स्वच्छतागृहाची दुरुस्ती समाधानकारक झाली असून समिती मुख्याध्यापकांचे आभार मानते. मी तिला वाचून दाखवलं. ती बराच वेळ काही बोललीच नाही. मग म्हणाली, "ताई, माझी पोर सकाळपासून पाणी पीत नाही. संडासाला कुलूप असतं म्हणून. आणि आभार मीच मानलेत?"

शाळेचं नाव मी लिहीत नाही, कारण प्रश्न एका शाळेचा नाही. ठाणे, कळवा, मुंब्रा, दिवा, डोंबिवली, कल्याण या साऱ्या पट्ट्यात काम करणाऱ्या मैत्रिणींना मी ही गोष्ट सांगते तेव्हा त्या हसतात. हे हसू ओळखीचं असतं.

कायदा काय म्हणतो

शिक्षण हक्क कायदा २००९ साली झाला आणि १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलामुलीला मोफत आणि सक्तीचं शिक्षण, एवढं साऱ्यांना माहीत असतं. पण या कायद्याचं एकविसावं कलम आपण बायकांनी पाठ करून ठेवायला हवं. प्रत्येक सरकारी, पालिकेच्या आणि अनुदानित शाळेत शाळा व्यवस्थापन समिती असली पाहिजे. तिच्यात किमान तीनचतुर्थांश सभासद पालक हवेत. दुर्बल आणि वंचित गटांतल्या मुलांच्या पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा हव्यात. आणि एकूण सभासदांत निम्म्या स्त्रिया हव्यात. महाराष्ट्रात समितीचा अध्यक्ष पालकांमधूनच निवडायचा असतो, मुख्याध्यापक सचिव असतो, आणि सभा महिन्यातून एकदा तरी व्हायला हवी.

समितीची कामंही कलमात लिहिलेली आहेत. शाळा कशी चालते यावर लक्ष ठेवायचं, शाळेला आलेला पैसा कसा खर्च होतो ते पाहायचं आणि शाळेचा विकास आराखडा तयार करायचा. बाविसावं कलम तर त्याहून पुढं जातं. समितीनं केलेला आराखडाच सरकारच्या किंवा स्थानिक संस्थेच्या योजनांचा आणि अनुदानाचा आधार असेल, असं ते म्हणतं. याचा सरळ अर्थ असा, की कुठल्या शाळेला नळ हवा, कुठं शिक्षक कमी आहेत, कुठं आठवीचा वर्ग हवा हे आधी पालकांनी, त्यातही निम्म्या आयांनी, लिहून द्यायचं. मग पालिकेच्या शिक्षण विभागानं त्यावरून हिशेब मांडायचा. आज सगळीकडे होतं ते याच्या उलट. पैसा वरून ठरतो आणि आराखडा मागाहून कारकुनी पद्धतीनं भरला जातो. आया फक्त सही करतात.

आमच्या भागात तर या समितीला आणखी एक महत्त्व आलं होतं. कल्याण-डोंबिवली महापालिकेची मुदत नोव्हेंबर २०२० मध्ये संपली आणि पुढची पाच वर्षं निवडणूकच झाली नाही. ठाण्याची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली, तिथंही वर्षानुवर्षं प्रशासकाचंच राज्य राहिलं. स्थानिक संस्थांत निम्म्या जागा बायकांसाठी राखीव करून घेतल्या त्याला २०११ मध्ये यश आलं, आणि इथल्या शहरांत त्या जागाच नाहीशा होऊन बसल्या. नळाला पाणी आलं नाही तर जायचं कुणाकडे, हा प्रश्न होता. त्या काळात पालिकेच्या कारभारात लोकांनी निवडलेलं असं जे काही उरलं होतं ते म्हणजे शाळाशाळांतल्या या समित्या. आणि त्या चालत होत्या शिपायाच्या काखेत.

खुर्ची रिकामी का राहते

"आया येतच नाहीत हो, त्यांना रस नाही," हे वाक्य मी मुख्याध्यापकांकडून, केंद्रप्रमुखांकडून आणि कधी कधी आपल्याच कार्यकर्त्यांकडून ऐकलं आहे. रस नाही असं म्हणायच्या आधी आपण घड्याळाकडे पाहू या.

सभा असते बुधवारी किंवा गुरुवारी सकाळी अकराला. ती वेळ कुणाच्या सोयीची? धुणी-भांडी करणारी बाई तेव्हा तिसऱ्या घरी असते. तिनं खाडा केला की पैसे कापले जातात, दोनदा केला की काम जातं. कल्याणच्या बाजार समितीत फुलं घ्यायला पहाटे निघणारी बाई तेव्हा दादरला विकत बसलेली असते. डोंबिवलीच्या कारखान्यात पॅकिंगला जाणारी फाटकाच्या आत असते. ऑफिसला जाणारीनं सकाळची लोकल पकडलेली असते, ती संध्याकाळी सातशिवाय परत येत नाही. गंमत पाहा, अकरा वाजता मोकळा कोण असतो? नाक्यावर काम न मिळालेला बाप, नाहीतर वस्तीतला एखादा पुढारी. म्हणून अध्यक्ष तो होतो. कुठं बाई अध्यक्ष झालीच तर खुर्चीवर अध्यक्षबाईंचे मिस्टर येऊन बसतात. पंचायतीत जे आपण पाहिलं तेच इथं.

दुसरी गोष्ट भाषेची. मुंब्र्यात पालिकेच्या उर्दू शाळा आहेत, इतरत्र हिंदी माध्यमाच्याही आहेत. मराठी शाळांतसुद्धा आता तेलुगू, भोजपुरी, गोरमाटी बोलणाऱ्या घरांतली मुलं आहेत. सभेची नोटीस मात्र छापील सरकारी मराठीत असते. "उपरोक्त विषयान्वये सभासदांनी उपस्थित राहावे" हे माझ्यासारख्या शिकलेलीलाही दोनदा वाचावं लागतं.

तिसरी गोष्ट मानाची, आणि माझ्या मते सर्वांत मोठी. शाळेत बोलावणं आलं म्हणजे पोरानं काहीतरी केलं असणार, हेच आईला ठाऊक असतं. बाकावर उभं राहिल्यासारखी ती ऑफिसात उभी राहते. "तुम्ही घरी लक्ष देत नाही," हे ऐकून घेते आणि मान खाली घालून परत येते. तीच बाई दर महिन्याला येऊन शाळेच्या खर्चाचा हिशेब विचारील, अशी अपेक्षा आपण कुठल्या तोंडानं करायची?

वेळ बदलली तेव्हा

त्या ठरावानंतर आमच्या मैत्रिणीनं हट्टच धरला. पुढच्या सभेला ती जाणार, पण वेळ तिच्या सोयीची हवी. दुपारी अडीच ते साडेचार ही घरकामवाल्यांची मोकळी वेळ. आधीच्या मुख्याध्यापिकांनी दाद दिली नाही. नंतर बदलून आलेल्या बाई मात्र वेगळ्या निघाल्या. त्या म्हणाल्या, "मला काय, मी दुपारीही शाळेतच असते. या."

पहिल्या सभेला नऊ आया आल्या. खाली चटईवर सगळ्या गोल बसल्या, मुख्याध्यापिकाही. अजेंड्यावर सात विषय होते. पहिल्याच विषयावर दीड तास गेला. विषय कुलपाचा. मुख्याध्यापिकांनी सांगितलं, की सफाईला माणूस दिवसातून एकदाच येतो, बाहेरची पोरं रात्री आवारात शिरून घाण करतात, म्हणून कुलूप. आयांनी सांगितलं, की मुली पाणी पीत नाहीत, पाळी आली की चार दिवस घरी बसतात. दोन्ही बाजू खऱ्या होत्या. एवढी वर्षं त्या एकमेकींपर्यंत पोचलेल्याच नव्हत्या. ठरलं असं, की किल्ली सहावी-सातवीच्या मुलींकडे राहील, आणि दुसऱ्या वेळच्या सफाईसाठी समितीच्या सहीनं शिक्षण विभागाला पत्र जाईल. चार पत्रं जावी लागली, पण सफाई सुरू झाली. आपण मोर्चे काढून मोठमोठ्या गोष्टी मिळवल्या आहेत, त्यापुढं ही केवढीशी गोष्ट. पण त्या दिवशी घरी जाताना माझ्या मैत्रिणीच्या चालण्यात जो फरक होता तो मी विसरणार नाही.

मग आला आठवीचा प्रश्न. पालिकेच्या बऱ्याच शाळांप्रमाणे हीही शाळा सातवीपर्यंतच. पुढं माध्यमिक शाळेत जायचं. कायदा मात्र चौदा वर्षांपर्यंतचा, म्हणजे आठवीपर्यंतचा आहे. आयांनी आराखड्यात लिहिलं: आठवीचा वर्ग इथंच हवा. वरून उत्तर आलं, की नियमाप्रमाणे सहावी ते आठवीसाठी तीन किलोमीटरच्या आत शाळा असली की पुरे, आणि ती आहे. नियमाप्रमाणे उत्तर बरोबर होतं.

पण तीन किलोमीटर कुणाचे? नकाशावरचे तीन किलोमीटर सरळ असतात. बारातेरा वर्षांच्या मुलीचे तीन किलोमीटर हमरस्त्यावरच्या ट्रक-टँकरमधून जातात, दारूच्या दुकानावरून जातात, पावसाळ्यात तुंबणाऱ्या मोरीखालून जातात. दुपारच्या पाळीची शाळा संध्याकाळी सुटते तेव्हा थंडीच्या दिवसांत अंधार पडलेला असतो. बाप म्हणतो, बस झालं शिक्षण. आणि खरं सांगायचं तर आईही म्हणते. तिला मुलीला अडाणी ठेवायचं नसतं, पण त्या रस्त्याला ती भीत असते. मुलगा त्याच रस्त्यानं जातो. मुलगी घरी बसते, धाकट्याला सांभाळते, मग आईबरोबर एका घरची भांडी धरते. तिथून लग्न फार लांब नसतं.

आयांनी शिक्षण विभागातल्या अधिकाऱ्यांना सांगितलं, "साहेब, एकदा आमच्याबरोबर चालून बघा." मला वाटलं नव्हतं, पण ते आले. जुलैमधली भर पावसातली दुपार होती. पँट गुडघ्यापर्यंत दुमडून ते सातवीच्या मुलींबरोबर शाळेपासून शाळेपर्यंत चालले. वाटेत फारसं बोलले नाहीत. नवीन वर्ग मंजूर करणं त्यांच्या हातात नव्हतं आणि तो झालाही नाही. पण त्यांनी माध्यमिक शाळेशी बोलून या वस्तीतल्या मुलींना सकाळच्या पाळीत घ्यायला लावलं. सातवीच्या वर्गशिक्षिका जूनमध्ये स्वतः घरोघर जाऊन दाखले घेऊन आल्या आणि मुलींची नावं दाखल करून दिली. रस्ता ओलांडायच्या जागी पाळीपाळीनं दोन आया उभ्या राहू लागल्या. त्या वर्षी सातवी झालेल्या मुलींपैकी एक सोडून साऱ्या आठवीला गेल्या.

त्या एकीबद्दल लिहिलंच पाहिजे. तिची आई आजारी होती, घरात आठ महिन्यांचा भाऊ होता. वर्गशिक्षिका तीनदा गेल्या, मी दोनदा गेले. मुलगी दारात भावाला कडेवर घेऊन उभी होती. "येईन ना बाई, हा थोडा मोठा झाला की," म्हणाली. ती आली नाही. समिती चालली, अधिकारी चालला, बाई घरी गेल्या, तरी ती सुटली, कारण बाळाला ठेवायला जागा नव्हती. वस्तीत पाळणाघर नव्हतं.

कोसबाडची आठवण

हे आपल्याला आज उमगतंय असं नाही. आताचा पालघर जिल्हा २०१४ पर्यंत आपल्या ठाणे जिल्ह्यातच होता. तिथं बोर्डीला ताराबाई मोडकांनी १९४५ साली ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं आणि अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. आदिवासी पाड्यांवरची मुलं बालवाडीत येत नाहीत हे पाहिल्यावर त्यांनी आयांना दोष दिला नाही. बालवाडीच अंगणात नेली. पुढं कोसबाडच्या टेकडीवर त्यांनी पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र जोडून विकासवाडी उभारली, कारण थोरली मुलगी शाळेत यायची असेल तर तिच्या कडेवरच्या बाळालाही जागा हवी. गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणातच शाळा भरवली. शाळेच्या वेळेत मुलांना बसवण्यापेक्षा मुलांच्या दिवसात शाळा बसवायची, एवढीच त्यामागची समज. दोन बायकांनी सत्तरऐंशी वर्षांपूर्वी हे करून दाखवलं. आमच्या वस्तीतली ती मुलगी कोसबाडला असती तर कदाचित सुटली नसती.

त्याच जिल्ह्यात नव्वदच्या दशकात विधायक संसदेनं वीटभट्ट्यांवर भोंगाशाळा काढल्या. ठाणे शहरात तीन हात नाक्याच्या उड्डाणपुलाखाली समर्थ भारत व्यासपीठ आणि ठाणे महापालिका यांनी २०१६ च्या जूनमध्ये सिग्नल शाळा सुरू केली. पुलाखाली राहणारी, सिग्नलला वस्तू विकणारी मुलं शाळेपर्यंत जाईनात, म्हणून शाळा कंटेनरमध्ये घालून पुलाखाली आणली. तिथं मुलांच्या अंघोळीपासून जेवणापर्यंतचा विचार झाला. म्हणजे पालिकेला हे जमत नाही असं नाही. तिनं मनात आणलं तर एका पुलाखाली जमतं. मग प्रत्येक वॉर्डात का जमू नये? एक नमुना शाळा दाखवून बाकीच्या शाळांचं कुलूप तसंच ठेवायचं, ही सवय मोडली पाहिजे.

शिक्षिका आपल्या कोण?

वस्तीत काम करताना आपण फार लवकर शाळेविरुद्ध उभ्या राहतो. मीही राहिले आहे. पण पालिकेच्या प्राथमिक शाळेत शिकवतं कोण? बहुतेक बायकाच. टिटवाळा-बदलापूरहून गर्दीच्या लोकलला लोंबकळत येणाऱ्या, घरचं आटपून आलेल्या, परत जाऊन स्वयंपाकाला लागणाऱ्या. शिक्षण हक्क कायद्यानं जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका सोडून शिक्षकांना दुसरं बिगरशैक्षणिक काम देऊ नये असं म्हटलंय. प्रत्यक्षात मतदार याद्यांचं काम आहेच, शिवाय रोज नवी माहिती ऑनलाइन भरा, पोषण आहाराचा हिशेब ठेवा, या अभियानाचे फोटो पाठवा, त्या अभियानाचे फोटो पाठवा. एका शिक्षिकेनं मला विचारलं, "ताई, तुम्ही आयांच्या बाजूनं बोलता, आमच्या बाजूनं कोण बोलणार?" मला उत्तर देता आलं नाही.

आता मी म्हणेन, आयाच बोलतील. आमच्या समितीनं एका आराखड्यात लिहिलं होतं, की दोन वर्ग एका बाईंकडे आहेत, आणखी एक शिक्षिका द्या. ते पत्र शिक्षिकेनं लिहिलं असतं तर तक्रार ठरली असती, तिला नोटीस आली असती. आयांनी लिहिलं म्हणून ती मागणी झाली. शिक्षिका आणि आई एकमेकींना दोष देत राहिल्या की वरचे सुखानं झोपतात.

कॅमेरा ऐकत नाही

ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या एका शाळेत बालवर्गातल्या दोन चिमुकल्या मुलींवर जे झालं, त्यानं आपण साऱ्याजणी हादरलो. आईवडिलांची तक्रार नोंदवून घ्यायलाच पोलिसांनी कितीतरी तास लावले. २० ऑगस्टला लोक रुळांवर उतरले, दिवसभर गाड्या बंद राहिल्या, आणि उच्च न्यायालयानं स्वतःहून दखल घेतली. मग सरकारला जाग आली. शाळाशाळांत सीसीटीव्ही कॅमेरे, तक्रारपेट्या, कर्मचाऱ्यांची चौकशी. हे सगळं व्हायलाच हवं, माझा त्याला विरोध नाही. पण शाळांत सखी सावित्री समिती नेमण्याचा आदेश २०२२ सालीच निघालेला होता. त्या समित्या किती शाळांत खरोखर बसत होत्या, आणि किती ठिकाणी रजिस्टर काखेत मारून सह्या गोळा होत होत्या, हे तुम्ही आपापल्या वस्तीतल्या आयांना विचारून पाहा.

कॅमेरा दाखवतो, पण ऐकत नाही. चार वर्षांची मुलगी कॅमेऱ्याला काही सांगत नाही, आईला सांगते. ती आई शाळेत जाऊन बेधडक बोलू शकते का, तिथं तिला कुणी ओळखतं का, मागच्या महिन्यातही ती तिथं येऊन बसली होती का, यावर पुढचं सगळं अवलंबून असतं. जिथं आयांचं येणं-जाणं आहे, तिथं गोष्ट दडपणं सोपं नसतं. मुलींची सुरक्षितता हीच आहे.

एक धोकाही

हे सगळं लिहिताना मला एका गोष्टीची भीतीही वाटते. सरकारला आयांचा सहभाग हल्ली फार आवडू लागलाय. २०२२ पासून शाळापूर्व तयारीच्या निमित्तानं माता गट झाले. आयांनी घरी मुलांकडून अमुक करून घ्यावं, तमुक शिकवावं, मोबाइलवर आलेले उपक्रम करावेत. त्यातून काही आया खरंच एकत्र आल्या, मुलांशी बोलू लागल्या, हे मी पाहिलं आहे आणि त्याचं मोल कमी लेखत नाही. पण लक्ष द्या. काम करायचं असतं तेव्हा "माता" म्हणतात आणि निर्णय घ्यायचा असतो तेव्हा "पालक" म्हणतात. त्या पालकाच्या जागी बाप येऊन बसतो. शिकवायचं आईनं, रस्त्यावर उभं राहायचं आईनं, शौचालय धुवायची पाळी आली तर तेही आईनंच. ज्याची जबाबदारी तो मोकळा. आमच्या समितीतल्या आया रस्त्यावर उभ्या राहिल्या याचं मी वर कौतुक केलंय. पण तिथं खरं तर वाहतूक पोलीस हवा होता. बायकांच्या बिनपगारी कष्टांवर सरकारी शाळा चालवणं म्हणजे सहभाग नव्हे. म्हणून प्रत्येक ठिकाणी विचारायचं: यात आमचा अधिकार कोणता आणि तुमचं कर्तव्य कोणतं?

आणि बापांनाही सोडायचं नाही. घरात धाकटा इंग्रजी शाळेत फी भरून जातो आणि थोरली पालिकेच्या शाळेत, हे मी किती घरांत पाहिलंय. विचारलं तर म्हणतात, "पालिकेचीही शाळाच आहे की." तसं असेल तर तिच्या सभेलाही या म्हणावं.

आपण काय करायचं

शेवटी थोडं आपल्या स्वतःबद्दल. स्त्री चळवळीनं हुंडाबळी, मारहाण, बलात्काराचे कायदे, रेशन, पाणी यावर रान उठवलं. १९९३ च्या घटनादुरुस्तीनंतर पंचायतीत आलेल्या बायकांसाठी आपण शिबिरं घेतली, बोलायला शिकवलं, नवऱ्याला खुर्चीवरून उठवायला शिकवलं. शाळा मात्र आपण शिक्षणक्षेत्रातल्या लोकांवर सोडून दिली. एकेका शाळेत निम्म्या जागा कायद्यानं बायकांच्या आहेत आणि त्या भरायला आपण गेलोच नाही. एवढ्या जागा आपल्याला विधानसभेत मिळाल्या असत्या तर आपण काय केलं असतं?

म्हणून माझं म्हणणं साधं आहे. प्रत्येक गटानं आपल्या वस्तीतली एक शाळा धरावी. समितीवर कोण आहेत त्यांची नावं मागून घ्यावीत आणि ज्या बायकांची नावं आहेत त्यांना भेटून सांगावं, की तुम्ही मेंबर आहात. मागच्या वर्षाचं इतिवृत्त त्यांना वाचून दाखवावं. सभेची वेळ बदलून घ्यावी, नोटीस वस्तीच्या भाषेत आणि तोंडी मागावी. पालिकेचा अर्थसंकल्प फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास मांडला जातो, तेव्हा शाळेचा आराखडा दिवाळीनंतर लगेच बसून करावा, त्याची प्रत पोच घेऊन शिक्षण विभागात द्यावी, नगरसेविकेलाही द्यावी. त्यात एक ओळ पाळणाघराची असावीच. शिक्षिकांना बोलवावं, त्यांचंही ऐकावं.

आणि पालिकांच्या शिक्षण अधिकाऱ्यांना माझी एकच विनंती. वर्षातून एकदा, आपल्या कुठल्याही एका शाळेतल्या सातवीच्या मुलीबरोबर तिच्या घरापासून पुढच्या शाळेपर्यंत चाला. गाडी मागं ठेवा.

माझी ती मैत्रीण आता समितीवर नाही, तिची मुलगी पुढं गेली. पण शिपाई अजून गल्लीत येतो. परवा तो शेजारच्या घरी रजिस्टर घेऊन उभा होता, तेव्हा हिनं आतूनच आवाज दिला, "ए बाई, सही करू नकोस गं. आधी वाचून दाखव म्हणावं त्याला."